बंडखोर नायक आणि ‘कर्ता पुरुष’ : नाना पाटेकर यांच्या नायकप्रतिमेचा चिकित्सक विचार

प्रस्तावना :

चित्रपट हे विसाव्या शतकातील सर्वाधिक प्रभावी लोकमाध्यम होय. या माध्यमाने समाजाला जशा कथा दिल्या तसेच काही चेहरेही दिले. त्या चेहऱ्यांपैकी मोजकेच नट केवळ लोकप्रिय न राहता एखाद्या पिढीची खूण बनतात. त्यांची केशरचना, चालण्याची ढब आणि बोलण्याची लकब समाजात उतरते. ‘पुरुषाने कसे असावे’ या प्रश्नाचे उत्तर तरुण मुले त्यांच्यात शोधू लागतात. अमेरिकेत दुसऱ्या महायुद्धानंतर मार्लन ब्रँडो यांनी ‘द वाइल्ड वन’ (१९५३) मध्ये आणि जेम्स डीन यांनी ‘रिबेल विदाउट अ कॉज’ (१९५५) मध्ये असे बंडखोर तरुण रंगवले. डीन यांचा अपघाती मृत्यू ३० सप्टेंबर १९५५ रोजी झाला व हा चित्रपट त्यानंतर प्रदर्शित झाला. पडद्यावरील बंडखोर आणि प्रत्यक्षातील नट यांच्यातील सीमारेषा त्यामुळे कायमची पुसली गेली. भारतात ‘जंजीर’ (१९७३) व ‘दीवार’ (१९७५) या चित्रपटांनी सलीम-जावेद यांच्या लेखणीतून आणि अमिताभ बच्चन यांच्या अभिनयातून ‘संतप्त तरुण’ घडवला.

महाराष्ट्रापुरता विचार केला असता या परंपरेतील सर्वांत ठळक नाव नाना पाटेकर यांचे आहे. प्रस्तुत लेखात त्यांच्या अभिनयाचे मूल्यमापन करण्याचा हेतू नाही. त्यांच्या बंडखोर नायकप्रतिमेने मराठी पुरुषत्वाच्या कल्पनेत कोणते बदल घडवले, कोणते घडवले नाहीत आणि यवतमाळसारख्या कापूस पिकवणाऱ्या, शेतकरी आत्महत्यांनी होरपळलेल्या जिल्ह्यातून पाहिले असता या प्रतिमेचा कोणता अर्थ लागतो, याचा शोध येथे घेतला आहे.

संकल्पनात्मक भूमिका :

चित्रपट अभ्यासक रिचर्ड डायर यांनी ‘स्टार्स’ (१९७९) या ग्रंथात लोकप्रिय नटाकडे व्यक्ती म्हणून न पाहता अर्थांची एक जुळणी म्हणून पाहावे, अशी भूमिका मांडली. नटाच्या भूमिका, मुलाखती, प्रसिद्धी, टीका आणि प्रेक्षकांच्या आठवणी या सर्वांतून ही जुळणी होते. समाजाला एकाच वेळी हव्या असणाऱ्या परस्परविरोधी गोष्टी एका देहात सामावून दाखवणे, हे लोकप्रिय नटाचे सामाजिक कार्य असते. समाजशास्त्रज्ञ आर. डब्ल्यू. कॉनेल यांनी ‘मॅस्क्युलिनिटीज’ (१९९५) या ग्रंथात पुरुषत्व एकच नसून अनेक असतात आणि त्यांतील एक प्रकार प्रत्येक काळात वर्चस्वी ठरतो, हे दाखवून दिले. इतर पुरुष त्या वर्चस्वी प्रकाराच्या तुलनेत स्वतःला मोजतात आणि बहुधा कमी पडतात. आशिस नंदी यांनी लोकप्रिय हिंदी चित्रपटाला भारतीय राजकारणाकडे पाहणारी झोपडपट्टीची नजर म्हटले आहे.

या तिन्ही विचारांना मराठी समाजातील एका शब्दाची जोड देणे आवश्यक आहे. तो शब्द म्हणजे ‘कर्ता’. व्याकरणात क्रिया करणारा तो कर्ता. घरात कमावणारा, निर्णय घेणारा, कर्ज काढणारा आणि फेडणारा तो ‘कर्ता पुरुष’. मराठी पुरुषत्वाची कल्पना शौर्यापेक्षाही या कर्तेपणावर अधिक उभी आहे. कर्तेपण हिरावले गेलेल्या पुरुषाचे काय होते, हा प्रश्नच पाटेकर यांच्या नायकप्रतिमेच्या मुळाशी आहे, असे येथे प्रतिपादन केले आहे.

मराठी पडद्यावरील पूर्वपीठिका :

पाटेकर यांच्यापूर्वीच्या दशकात मराठी पडद्यावर पुरुषत्वाची दोन रूपे विशेष प्रभावी होती. ‘सामना’ (१९७४) मधील निळू फुले यांचा हिंदुराव धोंडे पाटील हा सहकारातून आलेल्या ग्रामीण सत्तेचा पुरुष होता. त्याला आवाज चढवावा लागत नाही. त्याचे मौनही गावाला ऐकू येते. दुसरीकडे ‘सोंगाड्या’ (१९७१) पासून दादा कोंडके यांनी लोंबती नाडी आणि ढगळ अर्धी चड्डी घातलेला भोळा गडी लोकप्रिय केला. हा गडी सत्तेशी लढत नाही. द्व्यर्थी शब्दांनी तिची फजिती करतो. एकाकडे सत्ता होती, दुसऱ्याकडे विनोद होता. राग मात्र या दोघांकडेही नव्हता. पाटलाला रागाची गरज नव्हती आणि भोळ्या गड्याला तो परवडणारा नव्हता.

शहरातील शिकलेल्या, पण काम नसलेल्या मराठी तरुणाला या दोन्ही रूपांत स्वतःचा चेहरा दिसत नव्हता. १८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली मुंबईतील गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात उतरले. हा संप औपचारिकरीत्या कधीही मागे घेतला गेला नाही. गिरणगाव मात्र त्यातून सावरले नाही. चाळीच्या खोल्यांतून एक संपूर्ण पिढी कर्तेपणाविना मोठी झाली. वडिलांची गिरणी बंद आणि मुलाला नोकरी नाही, अशा घरातील पुरुषाचे चित्रण पडद्यावर होणे बाकी होते.

‘पुरुष’ ते ‘अंकुश’ :

मुरूड-जंजिरा येथे १९५१ साली जन्मलेले आणि मुंबईच्या सर ज. जी. उपयोजित कला संस्थेत शिकलेले पाटेकर प्रायोगिक व व्यावसायिक रंगभूमीवरून चित्रपटात आले. जयवंत दळवी यांच्या ‘पुरुष’ या नाटकातील गुलाबराव ही त्यांची गाजलेली भूमिका. विजया मेहता यांनी हे नाटक दिग्दर्शित केले होते. गुलाबराव हा राजकीय पाठबळ असलेला गुंड आहे. अंबिका या शिक्षिकेवर तो अत्याचार करतो, कायद्याच्या हातून सुटतो आणि अखेरीस अंबिकाच त्याचे पुरुषत्व नष्ट करून सूड घेते. नाटकाचे शीर्षकच आरोपपत्रासारखे आहे. पुरुषत्व हीच येथे गुन्ह्याची जागा आहे आणि न्याय मिळवणारी कर्ती स्त्री आहे.

एन. चंद्रा यांच्या ‘अंकुश’ (१९८६) ने पाटेकर यांना हिंदी पडद्यावर ओळख दिली. चाळीच्या नाक्यावर दिवस घालवणारे चार बेकार तरुण, शेजारी राहायला आलेली अनिता आणि तिची आजी, त्यांच्या सहवासात या तरुणांना सापडलेली चांगुलपणाची वाट, अनितावर तिच्या कामाच्या ठिकाणच्या वरिष्ठांनी केलेला अत्याचार, तिची आत्महत्या, न्यायालयातून सुटलेले आरोपी, तरुणांनी घेतलेला सूड आणि शेवटी त्यांना झालेली फाशी, असे याचे कथानक आहे. त्यातील प्रार्थनागीत पुढे शाळांच्या परिपाठात गेले.

‘पुरुष’ आणि ‘अंकुश’ शेजारी ठेवून वाचले असता एक महत्त्वाचा फरक लक्षात येतो. दोन्ही कलाकृतींत अत्याचार आहे, न्यायव्यवस्थेचे अपयश आहे आणि सूडही आहे. परंतु ‘पुरुष’ मध्ये सूड अंबिका घेते, तर ‘अंकुश’ मध्ये अनिता मरते आणि सूड पुरुष घेतात. एकाच नटाने नाटकात पुरुषत्वाचा अपराध आणि चित्रपटात पुरुषत्वाचे प्रायश्चित्त साकारले. समाजाने पुढे जपली ती दुसरी प्रतिमा. गुलाबराव नाट्यरसिकांच्या आठवणीत राहिला. ‘अंकुश’ मधील रवींद्र मात्र नाक्यानाक्यावर पोहोचला. बेकारीमुळे हातून गेलेले कर्तेपण स्त्रीच्या रक्षणातून व सूडातून परत मिळवता येते, हा दिलासा या चित्रपटाने तरुण प्रेक्षकाला दिला. त्या दिलाशाची किंमत अनिताने मोजली, याकडे फारसे लक्ष गेले नाही.

‘प्रहार’ व ‘क्रांतिवीर’ : दुसऱ्यांना जागे करणारा पुरुष :

पाटेकर यांनी स्वतः दिग्दर्शित केलेला ‘प्रहार’ (१९९१) या प्रतिमेचा पुढचा टप्पा दर्शवतो. या चित्रपटासाठी त्यांनी मराठा लाइट इन्फन्ट्रीसोबत प्रशिक्षण घेतले होते. मेजर चव्हाण हा कठोर शिस्तीचा लष्करी प्रशिक्षक आहे. त्याचा शिष्य पीटर डिसोझा कारवाईत जायबंदी होऊन मुंबईत परततो आणि हप्ता मागणाऱ्या गुंडांना नकार दिल्यामुळे मारला जातो. वस्तीतील सर्वजण गप्प राहतात. मेजर सूड घेतो आणि व्यवस्था त्याला मनोरुग्ण ठरवते. सीमेवरील शत्रूपेक्षा गल्लीतील भित्रेपणा अधिक घातक आहे, असे चित्रपटाचे म्हणणे आहे. अखेरीस मोकळ्या मैदानावर धावणारी असंख्य नग्न बालके दिसतात. उद्याचा समाज म्हणजे शिस्तीत वाढवलेली मुले, असे हे स्वप्न आहे. त्या स्वप्नात मुलींना मात्र जागा नाही.

मेहुल कुमार दिग्दर्शित ‘क्रांतिवीर’ (१९९४) मधील प्रताप हा जुगारी, आळशी आणि तोंडाळ आहे. आईनेच त्याला घराबाहेर काढले आहे. कर्तेपणाच्या सर्व कसोट्यांवर तो नापास ठरलेला पुरुष आहे. तरीही वस्तीवर संकट येते तेव्हा तोच उभा राहतो आणि अखेरीस वधस्तंभापाशी जमलेल्या गर्दीला तिच्या षंढपणाबद्दल झोडपून काढतो. या भूमिकेसाठी त्यांना सर्वोत्कृष्ट अभिनेत्याचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. महाविद्यालयीन स्नेहसंमेलनांत या भाषणाची नक्कल झाली नाही असे वर्ष त्या काळात क्वचितच गेले असेल. नक्कल करणारा मुलगा हात उंचावतो, शब्द तोडून तोडून उच्चारतो आणि समोरच्या प्रेक्षकांनाच शिव्या घालतो. प्रेक्षक टाळ्या वाजवतात. स्वतःचा अपमान ऐकून टाळ्या वाजवणारा प्रेक्षक हे या नायकप्रतिमेचे सर्वांत लक्षणीय यश आणि तिची मर्यादाही आहे. शिवी ऐकून प्रेक्षकाला आपणही जागे झालो असे वाटते. प्रत्यक्षात त्याला काहीच करावे लागत नाही. रागाचा अनुभव मिळतो, कृतीची जबाबदारी मात्र नायकाकडेच राहते.

देह, आवाज आणि भाषा :

बंडखोरीच्या या प्रतिमेने पुरुषत्वाच्या रूढ कल्पनेत काही खरे बदल घडवले, हे नाकारता येणार नाही. पहिला बदल देहाविषयीचा आहे. १९९० नंतरच्या हिंदी चित्रपटात व्यायामशाळेत घडवलेले देह नायकपदी आले. पाटेकर यांचा देह मात्र चाळीतल्या कोणत्याही माणसाचा होता. दाढीचे खुंट, साधा सदरा, चेहऱ्यावरील ताण या सर्वांतून देखणेपणा ही नायकत्वाची पूर्वअट नाही, असे सांगितले गेले. दिसायला सामान्य असलेल्या लाखो तरुणांना ही मोठीच मुभा होती.

दुसरा बदल भाषेचा आहे. हिंदी चित्रपटात मराठी पात्र बहुधा हवालदार, गडी किंवा मोलकरीण म्हणून येई आणि त्याचे मराठी वळणाचे हिंदी हा विनोदाचा विषय असे. पाटेकर यांनी त्याच वळणाच्या हिंदीला नायकाच्या तोंडी बसवले. ज्या उच्चारांबद्दल लाज वाटत होती तेच उच्चार ताठ मानेने बोलता येतात, हा अनुभव मराठी प्रेक्षकाला नवा होता.

तिसरा बदल प्रणयाविषयीचा आहे. हा नायक गाणी म्हणत बागेत फिरत नाही. प्रेम व्यक्त करताना तो अवघडतो. ही अवघडलेली माया प्रेक्षकांना खरी वाटली. तथापि येथेच एक धोका दडलेला आहे. ‘त्याच्या पोटात माया आहे, बोलता येत नाही इतकेच’ असे म्हणत घराघरांत ज्या पुरुषाच्या रागाला पांघरूण घातले जाते, त्या पुरुषालाही या नायकाने प्रतिष्ठा दिली. ‘परिंदा’ (१९८९) मधील अण्णा आणि ‘अग्निसाक्षी’ (१९९६) मधील संशयी, हिंसक पती या भूमिकांत पाटेकर यांनी याच रागाची काळी बाजू कमालीच्या ताकदीने दाखवली. दोन्ही भूमिकांना सर्वोत्कृष्ट सहायक अभिनेत्याचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. ‘क्रांतिवीर’ मध्ये वस्तीला वाचवणारा आणि ‘अग्निसाक्षी’ मध्ये पत्नीला जाळ्यात कोंडणारा राग एकाच आवाजात बोलतो. नटाने हा दुवा उघड करून दाखवला होता. प्रेक्षकांनी मात्र एक राग नायकाचा आणि दुसरा खलनायकाचा अशी सोयीची वाटणी करून घेतली. १९९६ सालीच ‘खामोशी’ मध्ये त्यांनी मूकबधिर पिता साकारला. आवाज हेच ज्या नटाचे शस्त्र, त्याने आवाजाविना केलेली ही भूमिका त्यांच्या प्रतिमेचा भाग फारशी झाली नाही. समाज आपल्या नायकाकडून काय घ्यायचे ते स्वतः निवडतो, याचे हे उत्तम उदाहरण होय.

१९८६ : दोन प्रतिसाद :

मुंबईची गिरणी आणि यवतमाळचे शेत ही एकाच धाग्याची दोन टोके होती. यवतमाळ जिल्हा कापसाचा. येथील ‘पांढरे सोने’ जिनिंगमध्ये जाई, गठाणी बांधल्या जात आणि त्या कापसावर गिरण्या चालत. १९७२ साली सुरू झालेल्या एकाधिकार कापूस खरेदी योजनेने शेतकऱ्याला काही काळ आधार दिला. पुढे तोही सैल होत गेला. गिरणी कामगाराचे कर्तेपण संपाने हिरावले, तर कोरडवाहू कापूस शेतकऱ्याचे कर्तेपण उत्पादनखर्च, पाऊस आणि कर्ज यांनी पोखरले.

‘अंकुश’ प्रदर्शित झाला त्याच वर्षी, १९ मार्च १९८६ रोजी, यवतमाळ जिल्ह्याच्या महागाव तालुक्यातील चिलगव्हाणचे शेतकरी साहेबराव करपे यांनी शेतीतील विवंचनेतून पत्नी व चार मुलांसह जीवनयात्रा संपवली. महाराष्ट्रातील पहिली जाहीर नोंद झालेली शेतकरी आत्महत्या म्हणून या घटनेचा उल्लेख केला जातो आणि १९ मार्च रोजी अन्नत्याग करून तिचे स्मरण केले जाते. पडद्यावरचे वर्ष आणि शिवारातले वर्ष एकच असणे हा योगायोग आहे. त्यावरून कार्यकारण जोडता येणार नाही. परंतु चिकित्सेसाठी हा योगायोग मोलाचा ठरतो. कर्तेपण गमावलेल्या पुरुषापुढे त्या काळाने ठेवलेल्या दोन वाटा त्यातून स्पष्ट दिसतात. एका वाटेवर राग बाहेर पडतो आणि शत्रूला गाठतो. दुसऱ्या वाटेवर तो आत वळतो.

पडद्यावरील बंडखोराचा शत्रू नेहमी समोर असतो. त्याला नाव असते, चेहरा असतो, बंगला असतो. कापूस शेतकऱ्याचा शत्रू कोण? पाऊस, भाव, बियाणे, सावकार, बँक की धोरण? ज्याच्या कानशिलात मारता येईल असा चेहराच येथे नाही. चेहरा नसलेल्या शत्रूशी कसे लढावे, हे बंडखोर नायकाने कधीच शिकवले नाही. त्याने शिकवले ते इतकेच की, जो लढत नाही तो नामर्द. न्याय मागणाऱ्या आंदोलनांतही अधिकाऱ्याला ‘बांगड्यांचा आहेर’ देण्याची रीत याच समजुतीतून आली आहे. त्यात दुबळेपणाची खूण म्हणून स्त्रीचा दागिना वापरला जातो. अशा भाषेत वाढलेल्या पुरुषाला ‘मला जमत नाही, मला मदत हवी’ हे वाक्य उच्चारणे अवघड जाते. थकलेले कर्ज तो घरात सांगत नाही. लेकीचे लग्न, पाहुण्यांची ऊठबस, पेरणीचा खर्च यांत तो मान खाली घालायला तयार नसतो. शेतकरी आत्महत्यांची कारणे मुख्यतः आर्थिक व धोरणात्मक आहेत, यात शंका नाही. २००६ साली पंतप्रधानांनी विदर्भातील सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटी रुपयांची योजना जाहीर केली, ती याच जाणिवेतून. परंतु संकटग्रस्त माणूस मदतीसाठी तोंड उघडतो की नाही, हे पुरुषत्वाच्या कल्पनेवरही अवलंबून असते. ती कल्पना घडवणाऱ्यांत चित्रपटाचा वाटा आहे.

रागाकडून सेवेकडे :

पाटेकर यांच्या नायकप्रतिमेचा उत्तरार्ध या प्रश्नाच्या दृष्टीने विशेष अभ्यासनीय आहे. ‘डॉ. प्रकाश बाबा आमटे : द रिअल हीरो’ (२०१४) या चित्रपटात त्यांनी हेमलकसा येथील लोकबिरादरी प्रकल्पाचे डॉ. प्रकाश आमटे साकारले. विदर्भाच्याच मातीतला हा नायक आहे. तो अर्ध्या चड्डीवर वावरतो, जखमी प्राण्यांना कुशीत घेतो, आदिवासी रुग्णांची सेवा करतो आणि पत्नी डॉ. मंदाकिनी यांच्या बरोबरीने काम करतो. येथे पौरुषाची कसोटी शत्रूचा पाडाव नसून चिकाटीने केलेली देखभाल आहे. देखभाल हे काम आपल्या समाजाने स्त्रियांकडे सोपवलेले असल्यामुळे ही भूमिका मागील सर्व भूमिकांपेक्षा अधिक बंडखोर म्हणावी लागेल. ‘नटसम्राट’ (२०१६) मधील गणपतराव बेलवलकर हा तर सर्वस्व वाटून टाकल्यावर घरात परका झालेला, खचलेला, रडणारा म्हातारा आहे. वि. वा. शिरवाडकरांच्या १९७० च्या नाटकातील ही व्यथा नव्या प्रेक्षकाने त्याच नटाच्या आवाजात ऐकली, ज्याने कधीकाळी त्याला भित्रा म्हणून हिणवले होते.

सप्टेंबर २०१५ मध्ये पाटेकर व मकरंद अनासपुरे यांनी ‘नाम फाउंडेशन’ची स्थापना केली. मराठवाडा व विदर्भातील आत्महत्याग्रस्त शेतकरी कुटुंबांना साहाय्य आणि जलसंधारण ही कामे या संस्थेने हाती घेतली. पडद्यावरचा बंडखोर शेतकऱ्याच्या विधवेपुढे हात जोडून उभा राहिला आणि भर व्यासपीठावर गहिवरला. पुरुषाने चारचौघांत रडण्याला या दृश्याने जी प्रतिष्ठा दिली, ती ग्रामीण महाराष्ट्राच्या दृष्टीने मोलाची आहे. आत्महत्या करू नका, आम्हाला हाक मारा, असे सांगणारा पुरुष हा ‘क्रांतिवीर’मधील गर्दीला झोडपणाऱ्या पुरुषापेक्षा अधिक गरजेचा होता. अर्थात येथेही एक मर्यादा उरते. संकट धोरणाचे असताना त्यावरचे उत्तर पुन्हा एका थोर पुरुषाच्या औदार्यात शोधले जाते. कर्ता बदलतो, समाज प्रेक्षकच राहतो.

प्रश्नांकित प्रतिमा :

२०१८ साली अभिनेत्री तनुश्री दत्ता यांनी २००८ मधील एका चित्रीकरणाच्या संदर्भात पाटेकर यांच्यावर गैरवर्तनाचा आरोप केला. पाटेकर यांनी तो नाकारला. २०१९ साली पोलिसांनी पुरावा आढळला नसल्याचा अहवाल न्यायालयात सादर केला आणि २०२५ साली मुंबईतील न्यायालयाने मुदतीच्या मुद्द्यावर तक्रारीची दखल घेण्यास नकार दिला. या प्रकरणातील सत्यासत्यतेविषयी मत देणे हा समीक्षेचा अधिकार नाही. समीक्षेचा विषय इतकाच की, अशा प्रसंगी समाज पडद्यावरील प्रतिमेलाच साक्षीला बोलावतो. शेतकऱ्यांसाठी झटणारा असा नसेल, असे एक म्हणतो. इतका रागीट माणूस तसाच असेल, असे दुसरा म्हणतो. दोघेही माणसाविषयी न बोलता भूमिकांविषयी बोलत असतात. नायकप्रतिमा एवढी मोठी झाली की तिच्या सावलीत तक्रार करणारी स्त्री आणि ज्याच्याविषयी तक्रार आहे तो पुरुष, दोघांचेही म्हणणे ऐकू येईनासे होते. ‘पुरुष’ नाटकाने चार दशकांपूर्वी विचारलेला प्रश्न म्हणूनच आजही शिल्लक आहे.

नायकाविना उरलेल्या कथा :

सतीश मनवर यांचा ‘गाभ्रीचा पाऊस’ (२००९) हा चित्रपट या चर्चेत वेगळी भर घालतो. शेजारच्या शेतकऱ्याने आत्महत्या केल्यावर अलका आपला नवरा किसना याच्या काळजीने धास्तावते. ती मुलाला बापाच्या मागे पाठवते, घरात गोडधोड करते, त्याच्या प्रत्येक हालचालीवर लक्ष ठेवते. किसना आक्रोश करत नाही, भाषण देत नाही. तो पुन्हा पेरणीची जुळवाजुळव करतो. येथे वाचवण्याचे काम स्त्री करते आणि पुरुष वाचवला जाण्यास पात्र असा साधा माणूस असतो. नागराज मंजुळे यांच्या ‘सैराट’ (२०१६) मध्येही परश्या हळवा आहे आणि ट्रॅक्टर चालवणारी, धाडसाने पुढे होणारी आर्ची आहे. बंडाचे कर्तेपण पुरुषाकडून स्त्रीकडे सरकत असल्याची ही चिन्हे होत.

यवतमाळ येथे जानेवारी २०१९ मध्ये झालेले ९२ वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनही या संदर्भात आठवते. नयनतारा सहगल यांचे निमंत्रण मागे घेतल्याने उद्भवलेल्या वादानंतर संमेलनाचे उद्घाटन वैशाली येडे या याच जिल्ह्यातील शेतकरी विधवेच्या हस्ते झाले. श्याम पेठकर लिखित व हरीश इथापे दिग्दर्शित ‘तेरवं’ या नाटकात शेतकऱ्यांच्या विधवांनी स्वतःच भूमिका केल्या. येडे या त्यांपैकी एक. या स्त्रियांनी रंगमंचावर ना सूड मागितला ना कोणाला षंढ म्हटले. नवरा गेल्यावर राहिलेले कर्ज, शेत, मुले आणि सासर यांच्याशी त्या कशा झगडतात, हे त्यांनी सांगितले. कर्ता पुरुष गेल्यावर खरे कर्तेपण ज्यांनी निभावले, त्यांना मराठी भाषेत अजून ‘कर्ती’ म्हणून मान मिळालेला नाही. त्यांची ओळख ‘विधवा’ या शब्दानेच होते.

निष्कर्ष :

उपरोक्त विवेचनावरून पुढील निष्कर्ष हाती येतात.

१) नाना पाटेकर यांची बंडखोर नायकप्रतिमा गिरणी संपानंतरच्या मराठी समाजातील हिरावलेल्या कर्तेपणातून घडली. देह, भाषा व प्रणय या तिन्ही बाबतींत तिने सामान्य पुरुषाला आत्मसन्मान दिला.

२) या प्रतिमेने पुरुषाचा राग प्रतिष्ठित केला, परंतु त्या रागाचे कारण म्हणून पुनःपुन्हा स्त्रीच्या देहावरील अत्याचार वापरला आणि तिच्या सूडाचा अधिकार पुरुषाकडे ठेवला.

३) ज्या संकटाला चेहरा नाही त्यापुढे हा राग निरुपयोगी ठरतो. यवतमाळसारख्या जिल्ह्यात ‘जो लढत नाही तो नामर्द’ ही शिकवण मदत मागण्याच्या आड येते.

४) त्याच नटाच्या उत्तरकाळातील भूमिकांनी व सामाजिक कार्याने देखभाल, अश्रू आणि हाक मारणे यांना पुरुषत्वात स्थान दिले. हा बदल पहिल्या बंडखोरीपेक्षा कमी गाजला, पण अधिक मूलगामी आहे.

५) पुरुषत्वाच्या पुनर्घडणीची पुढील दिशा नव्या नायकाच्या शोधात नसून, कर्तेपण घरातील सर्वांमध्ये वाटून घेण्यात आहे.

महाविद्यालयाच्या स्नेहसंमेलनात ‘क्रांतिवीर’मधील भाषणाची नक्कल आजही होते व होत राहील. ती थांबवण्याचे कारण नाही. मात्र टाळ्या वाजवणाऱ्या वर्गातच एखादा मुलगा असा असतो, ज्याच्या घरी यंदाचा कापूस भिजला आहे आणि जो ते कोणालाही सांगत नाही. व्यासपीठावरचा आवाज त्याला लढ म्हणतो. ‘बोल’ असे म्हणणारा आवाज त्याला वर्गात, शिक्षकाकडून ऐकू यायला हवा.